पलंगाखालचे डबे: मोहीगन बायकांनी जपलेला इतिहास

टेकडीवरची

मी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात राहते, नॉर्विचहून न्यू लंडनकडे थेम्स नदीच्या काठाकाठाने रस्ता उतरतो त्या भागात. मोहीगन ही इथली मूळ रहिवासी, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन जमात, पण इकडच्या मराठी लोकांना मोहीगन म्हटलं की एकच गोष्ट आठवते, मोहीगन सन, तो भलामोठा कॅसिनो. पुण्याहून पाहुणे आले की आम्हीही दाखवायला नेतो. मीही इतकी वर्षं तेवढंच धरून चालले होते. पण कॅसिनो आहे त्याच अंकसव्हिलमध्ये, जवळच्याच टेकडीवर, एक छोटंसं दगडी म्युझियम आहे, १९३१ साली एका मोहीगन घरातल्या बापलेकांनी बांधलेलं. जॉन टँटाक्विजन, त्यांचा मुलगा हॅरोल्ड आणि मुलगी ग्लॅडिस यांनी मिळून ते सुरू केलं. नेटिव्ह लोकांच्या स्वतःच्या मालकीचं आणि त्यांनीच चालवलेलं अमेरिकेतलं सगळ्यात जुनं म्युझियम म्हणून ते ओळखलं जातं. तिथून परत आल्यापासून डोक्यात ग्लॅडिसच आहे, म्हणून हा धागा.

ग्लॅडिस टँटाक्विजन. जन्म १८९९, मृत्यू २००५, म्हणजे १०६ वर्षं जगली आणि तीन शतकं बघून गेली. ती पाच वर्षांची असताना जमातीतल्या तीन म्हाताऱ्यांनी, त्यांना ती आज्याच म्हणायची, तिला हेरलं आणि सांगितलं की ही पोरगी आपलं सगळं शिकेल. मग झाडपाला कुठला कशाला, कुठली गोष्ट कधी सांगायची, काय बोलायचं आणि काय नाही, असं सगळं शिकवलं. पुढे फ्रँक स्पेक नावाचे मानववंशशास्त्रज्ञ तिला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घेऊन गेले १९१९ मध्ये, तिथे ती शिकली, डेलावेअर जमातीच्या औषधोपचारांवर तिने पुस्तक लिहिलं ते १९४२ ला छापलं गेलं. मधली काही वर्षं सरकारी नोकरीत साउथ डकोटात यँक्टन लोकांमध्ये होती. १९४७ मध्ये परत आली आणि मग पन्नासेक वर्षं त्या म्युझियममध्ये येईल त्याला, शाळेच्या पोरांपासून प्रोफेसरांपर्यंत, वस्तू हातात घेऊन गोष्टी सांगत बसली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जमातीतल्या लोकांचे जन्म, लग्नं, मृत्यू, कोणी कोणाला काय पत्र लिहिलं, असे कागद तिने वर्षानुवर्षं जमवले होते. कशात ठेवलेले? टपरवेअरच्या डब्यांत, स्वतःच्या पलंगाखाली. आणि १९९४ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने मोहीगन लोकांना जमात म्हणून मान्यता दिली त्यात त्या डब्यांतल्या कागदांचा मोठा वाटा होता.

आपल्याकडे डब्यात काय असतं? चकली, शेव, पापड. मला तो पलंग आणि त्याखालचे डबे डोळ्यांसमोरून जातच नाहीयेत.

---

बोरूवाला

छान धागा टेकडीताई. एक शंका, हे 'लास्ट ऑफ द मोहिकन्स' वालेच का? आम्हाला लहानपणी त्याचं संक्षिप्त भाषांतर वाचायला मिळालं होतं, शेवटी ते संपतात असं आठवतंय.

---

टेकडीवरची

@बोरूवाला, बरं झालं विचारलंत, कारण हाच घोळ त्यांच्या वाट्याला आलाय. मोहिकन म्हणजे हडसन नदीच्या खोऱ्यातले, त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिनमध्ये आहेत, ती वेगळी जमात. मोहीगन इथले, कनेटिकटचे. कूपर साहेबांनी १८२६ साली कादंबरी लिहिली तेव्हा जमात घेतली हडसनकडची आणि अंकस हे नाव उचललं मोहीगन लोकांच्या खऱ्या प्रमुखाचं, तो सतराव्या शतकातला. दोघांचं मिसळून एक केलं आणि वर शेवटचा म्हणून मारूनही टाकलं. ज्या वर्षी पुस्तक आलं त्या वर्षी फिडेलिया फील्डिंगचा जन्मसुद्धा झाला नव्हता! ती जन्मली १८२७ ला आणि तिनेच पुढे मोहीगन भाषेत डायऱ्या लिहिल्या. म्हणजे तुम्ही जिवंत आहात आणि जगभरची पोरं शाळेत वाचतायत की तुम्ही संपलात. ग्लॅडिसची भाचेनात मेलिसा टँटाक्विजन झोबेल, जी १९९१ पासून जमातीची इतिहासकार आहे आणि आता मेडिसिन वुमन (जमातीची पारंपरिक वैद्य), तिने पहिलं पुस्तक लिहिलं त्याचं नावच तिने त्याच्या उलट ठेवलंय, मोहीगन टिकून राहिले अशा अर्थाचं. कादंबऱ्याही लिहिते, ग्लॅडिसचं चरित्रही तिनेच लिहिलं.

---

सातपुडा

हे मान्यतेचं नीट समजावून सांगाल का कोणी? लोक चारशे वर्षं तिथेच राहतायत, मग सरकारने मान्यता द्यायची म्हणजे काय. आमच्याकडे मेळघाटात वनहक्काचे दावे भरताना काय काय पुरावे मागतात ते मी जवळून बघितलंय, तीन पिढ्यांचा रहिवास दाखवा म्हणतात आणि आजोबांच्या नावाचा कागद कोणाकडे असतो, म्हणून उत्सुकता.

---

टेकडीवरची

सातपुडाजी, बरंचसं तसंच आहे. १९७८ ला केंद्र सरकारने नियम काढले, सात निकष आहेत. थोडक्यात वंश सिद्ध करा, आणि जुन्या काळापासून आजपर्यंत तुम्ही एक समाज म्हणून राहत होतात, तुमचे निर्णय घेणारं कोणीतरी होतं, हे खंड न पडता दाखवा. मोहीगन लोकांचा अर्ज १९८९ मध्ये आधी नकाराकडे गेला होता. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात समाज म्हणून एकत्र होता याला पुरेसा पुरावा नाही असं प्राथमिक निष्कर्षात म्हटलं. म्हणजे अठराव्या शतकाचे पुरावे होते, त्यात राजे, करार, लढाया होत्या, पण अगदी हल्लीच्या काळाचे नाहीत, कारण त्या काळात कोण कोणाच्या मयताला गेलं, कोणी कोणाला बोलावलं, सभेला कोण होतं, हे कोण लिहून ठेवतं? ग्लॅडिससारख्या बायका ठेवतात. मग नवीन पुरावे दिले आणि मार्च १९९४ ला मान्यता मिळाली. ग्लॅडिस तेव्हा ९४ वर्षांची होती. कॅसिनो त्यानंतर, १९९६ मध्ये उघडला, लोक क्रम उलटा धरतात.

---

माईची_लेक

तो पलंग मला पण दिसतोय गं. माझ्या आजीची एक ट्रंक होती.

पण मला दुसरं विचारायचंय, फिडेलियाच्या डायऱ्यांबद्दल सांग ना. काय लिहायची ती?

---

टेकडीवरची

फिडेलिया फील्डिंग, १८२७ ते १९०८. मोहीगन-पीक्वॉट भाषा सफाईने बोलणारी शेवटची बाई. भाषा तिला तिच्या आजीकडून मिळाली, मार्था अंकस, जी १७६१ साली जन्मली होती. आजी गेल्यावर बोलायला माणसं कमी कमी होत गेली. मग ती वहीशी बोलायची असं मला वाटतं. चार वह्या आहेत. फार मोठं काही नाही त्यात, आज सूर्य उगवला, बर्फ पडला, पाऊस आहे, देवाचे आभार. रोजचंच. पण विचार करा की ज्या भाषेत उत्तर द्यायला घरात कोणी नाही त्या भाषेत ती बाई रोज सकाळी हवामान लिहितेय.

तिने पोरांना भाषा शिकवली नाही. ग्लॅडिसलाही नाही. कारण तिच्या पिढीने बघितलं होतं की आपली भाषा बोललं की मास्तर मारतात, लोक हसतात, मग पोरांना तो त्रास नको. तिने गोष्टी सांगितल्या, भाषा स्वतःपाशी ठेवली आणि लिहून ठेवली. हे वाचून मला दोन दिवस कसंतरीच होत होतं. माया आणि हानी एकाच गोष्टीत.

---

पाऊलवाट

त्या वह्या आता कुठे आहेत? असल्या गोष्टी नेहमी कुठल्यातरी विद्यापीठाच्या कपाटात सापडतात.

---

टेकडीवरची

बरोबर ओळखलंत. फ्रँक स्पेक विद्यार्थी होते तेव्हापासून तिच्याकडे यायचे, तिच्याकडून भाषा आणि गोष्टी टिपून घ्यायचे. डायऱ्या त्यांच्याकडे गेल्या, १९२८ साली सरकारी मानववंशशास्त्र खात्याच्या अहवालात त्या छापल्या गेल्या. मूळ वह्या मात्र एका संग्रहातून दुसऱ्यात अशा फिरत शेवटी कॉर्नेल विद्यापीठात पोचल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये कॉर्नेलने त्या जमातीला परत दिल्या. ती वारल्यावर ११२ वर्षांनी.

स्पेकना मी सरसकट दोष देणार नाही. त्यांनी छापलं म्हणून भाषा परत उभी करायला काही हाताशी होतं, आणि ग्लॅडिसला शिकायला त्यांनीच नेलं. पण वही लिहिणारीच्या घरात ती वही शंभर वर्षं नव्हती हेही तितकंच खरं.

---

बोरूवाला

आणि भाषा परत उभी राहतेय का खरंच? शेवटची बोलणारी १९०८ ला गेली म्हणजे आवाज ऐकणारंसुद्धा कोणी उरलं नाही.

---

टेकडीवरची

स्टेफनी फील्डिंग म्हणून आहेत, त्याच कुटुंबातल्या, त्यांनी मोठ्या वयात एमआयटीत जाऊन भाषाशास्त्राची मास्टर्स केली २००६ मध्ये आणि मोहीगनचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केलं. फिडेलियाच्या चार वह्या, जुनी टिपणं आणि आसपासच्या सख्ख्या बहिणींसारख्या भाषांवरून उच्चार आणि प्रत्यय जुळवत जुळवत. म्हणजे पणजीने लिहिलेलं 'आज बर्फ पडला' हे आज क्रियापद कसं चालतं त्याचं उदाहरण आहे. (पणजी आपलं म्हणायला, नातं त्याहून लांबचं आहे.)

---

कोकणातली_सुमन

मला गोष्टी हव्यात!! इतिहास झाला, आता गोष्ट सांगा टेकडीताई, नाहीतर म्युझियममध्ये जाऊन केलंत काय.

---

टेकडीवरची

सुमनताई, ही घ्या, फिडेलियानेच सांगितलेली, स्पेकनी टिपलेली. मी माझ्या शब्दांत सांगते.

जंगलात, जमिनीखाली, छोटी माणसं राहतात, त्यांना माकियाविसुग म्हणतात. एका वादळी रात्री एका मोहीगन बाईच्या दारावर थाप पडते. दारात एक बुटका माणूस. म्हणतो, आमच्याकडे आजारी आहे, चल. ती औषधं गोळा करते. तो तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि हात धरून नेतो, पावसातून, बरंच लांब. पट्टी सुटते तेव्हा ती एका छोट्याशा सुंदर घरात असते आणि समोर अंथरुणावर एक छोटीशी बाई आजारी. ही तिची सेवा करते, ती बरी होईपर्यंत तिथेच राहते. मग ते तिला भेटी देतात, परत पट्टी बांधतात आणि घरी आणून सोडतात. पुढे तिने कितीदा शोधलं पण ती जागा काही तिला सापडली नाही.

माकियाविसुगांचे नियम आहेत, त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही, आणि त्यांच्यासाठी रानात टोपलीतून खायला ठेवायचं, मक्याची भाकरी, बोरं. ही गोष्ट मेलिसानेही मुलांसाठी परत लिहिली आहे १९९७ मध्ये, जोसेफ ब्रुशॅक यांच्याबरोबर. म्हणजे फिडेलियाने सांगितली, स्पेकनी टिपली, ग्लॅडिसने येणाऱ्या जाणाऱ्याला सांगितली, मेलिसाने चित्रांच्या पुस्तकात घातली.

---

कोकणातली_सुमन

अंगावर काटा आला. आमच्याकडे राखणदाराला नारळ ठेवतात, रात्री शीळ घालायची नाही, नाव घ्यायचं नाही, अगदी असेच नियम. माझी आते सांगायची तेव्हा आम्ही हसायचो. आता आते नाही आणि मला त्यातल्या अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत.

---

पाऊलवाट

एक प्रामाणिक प्रश्न, कोणाला टोचायचं म्हणून नाही. जमातीने स्वतःचा इतिहास स्वतः लिहिला की तो निःपक्ष राहतो का? आणि आता हाताशी कॅसिनोचा पैसा आहे, मग जे सोयीचं तेच लिहिलं जाणार नाही का?

---

टेकडीवरची

पाऊलवाट, प्रश्न योग्य आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. पहिलं म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेला इतिहास निःपक्ष होता असं म्हणायला काही जागाच नाही, त्यांनी तर १८२६ लाच संपवलं. दुसरं म्हणजे हे काम पैसे येण्याच्या कितीतरी आधीचं आहे. १८३१ साली तीन बायकांनी, ल्यूसी ऑकम टँटाक्विजन, तिची मुलगी ल्यूसी टीकॉमवस आणि सिंथिया हॉस्कट यांनी टेकडीवर चर्च उभारायला जमीन दिली. आदल्याच वर्षी, १८३० ला, नेटिव्ह लोकांना मिसिसिपीपलीकडे हाकलायचा कायदा झाला होता. चर्च आहे, शाळा आहे, म्हणजे हे लोक 'सुधारलेले' आहेत, यांना हलवायची गरज नाही, असं दाखवायला ते चर्च कामाला आलं. पुढे १८७२ मध्ये राज्याने उरलेलं आरक्षित क्षेत्र मोडून जमिनी वाटून टाकल्या, पण चर्चची जागा जमातीकडे राहिली. १८६० पासून चर्चच्या बायकांनी दरवर्षी विगवॅम फेस्टिव्हल सुरू केला चर्चच्या खर्चासाठी, त्यात एमा बेकर पुढे होती, ग्लॅडिसला शिकवणाऱ्या तिघींपैकी एक. वरून चर्चची जत्रा, आतून जुना हिरव्या मक्याचा सण. तिथे बायका योकेग कुटायच्या.

योकेग म्हणजे मका भाजून उखळात कुटलेलं पीठ, आपल्या सातूच्या पिठासारखं, प्रवासाला न्यायचं, पाण्यात कालवून खायचं. तो उखळमुसळाचा आवाज दरवर्षी त्या टेकडीवर होत राहिला, आणि शंभर वर्षांनी सरकारने विचारलं तुम्ही समाज म्हणून एकत्र होतात का.

पक्षपाती म्हणा हवं तर. पण त्यांचे कागद तपासले सरकारी तज्ज्ञांनी, एकदा नकाराकडे झुकूनही झालं, आणि मग टिकले. तो कागद सोयीचा आहे म्हणून कोणी तसाच घेतला नाही.

---

पाऊलवाट

पटलं. चर्चचा मुद्दा मला माहीत नव्हता, आणि ल्यूसी ऑकम म्हणजे त्या सॅमसन ऑकमची बहीण का? डार्टमथ कॉलेजवाल्या?

---

टेकडीवरची

हो तीच! सॅमसन ऑकम इंग्लंडला १७६५ ला गेले, नेटिव्ह मुलांच्या शाळेसाठी प्रवचनं देत बारा हजार पौंडांच्या आसपास जमवले, आणि त्या पैशातून उभं राहिलं डार्टमथ कॉलेज, ते प्रामुख्याने गोऱ्या मुलांचं झालं. ऑकम फार दुखावले होते. त्यांनी १७६८ ला स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलं, ते नेटिव्ह लेखकांच्या अगदी सुरुवातीच्या इंग्रजी लेखनात मोडतं. त्यांचे कागद डार्टमथने २०२२ च्या एप्रिलमध्ये मोहीगन लोकांना परत दिले. भाऊ वेशीबाहेर जाऊन लिहीत होता, बहीण टेकडीवर जागा धरून बसली होती. आमच्या शाळेत असता तर याच्यावर मोठा प्रश्न आला असता, बहिणीवर आला नसता.

---

माईची_लेक

तुम्ही सगळे कागदाबद्दल बोलताय, पण बायकांचं सगळंच कुठे कागदावर असतं. आपल्या जात्यावरच्या ओव्या बघा, लाखभर जमवल्या पुण्याच्या लोकांनी गावोगाव फिरून, गी पॉटव्हँ आणि हेमा राईरकरांनी, त्या आधी कोणी इतिहास म्हणून धरल्याच नव्हत्या.

---

टेकडीवरची

अगदी. मोहीगन बायकांच्या टोपल्यांचंही तसंच आहे. लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या विणलेल्या असतात आणि वर रंगाने नक्षी काढलेली, घुमटासारखे आकार, ठिपके, पानं, आणि सगळ्यांतून फिरणारी एक वेल किंवा वाट. या चिन्हांना अर्थ आहेत, ती वाट म्हणजे आयुष्याची वाट, पूर्वेकडून पश्चिमेकडे. ग्लॅडिसने या नक्ष्यांचा अभ्यास केला होता, नुसती शोभा म्हणून बघू नका म्हणून.

कनेटिकटच्या हिस्टॉरिकल सोसायटीच्या (आता तिचं नाव कनेटिकट म्युझियम ऑफ कल्चर अँड हिस्टरी) संग्रहात अशी एक टोपली आहे, तिच्या आत अस्तर म्हणून १८१७ चा हार्टफर्डचा वर्तमानपत्राचा कागद लावलाय. आत इंग्रजी छापील बातम्या आणि बाहेर मोहीगन बाईने काढलेली वाट. आपण पण डब्याला पेपर लावतो ना तळाला, तसंच. पण दोनशे वर्षांनी लोक दोन्ही बाजू वाचतायत.

---

माईची_लेक

बरं, आता त्या ट्रंकेचं सांगते. आजी गेल्यावर घर रिकामं करताना काकांनी बरंच रद्दीत दिलं, कोणाच्या लक्षातच आलं नाही, घाई होती. एक वही आईने उचलून ठेवली कारण तिला शिवलेलं कापडी कव्हर होतं. ती माझ्याकडे आहे. पण ती मोडीत आहे, पणजोबांच्या हातची असावी किंवा पणजीच्या, कळत नाही. घरात कोणालाही वाचता येत नाही. म्हणजे माझ्याही कपाटात एक वही आहे जिच्याशी बोलणारं घरात कोणी नाही. कडा पिवळ्या पडल्यात, लॅमिनेट करून घेऊ का?

---

बोरूवाला

अजिबात लॅमिनेट करू नका!! उष्णतेने आणि प्लास्टिकने कागद कायमचा अडकतो, परत सोडवता येत नाही. मी दप्तरखान्यात काम केलंय म्हणून सांगतो. सेलोटेपही नको. ग्लॅडिसबाईंचे डबे कनेटिकटच्या हवेत टिकले, आपल्याकडे दमट हवेत बंद प्लास्टिकमध्ये बुरशी येते, त्यामुळे स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, जमिनीपासून वर. दर पावसाळ्यानंतर उघडून बघा. वहीवर काही लिहायचं असेल, कोणाची, कुठून मिळाली, तर वेगळ्या चिठ्ठीवर आणि पेन्सिलीने, शाई पुढे पसरते. आणि पान उघडताना जबरदस्तीने पाठ मोडू नका, जेवढी उघडते तेवढीच उघडा.

आणि मोडी मला वाचता येते. पानांचे फोटो काढा, उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको.

---

माईची_लेक

खरंच वाचून द्याल? रविवारी काढते फोटो. पहिल्या पानावर वर कोपऱ्यात काहीतरी वेगळं लिहिलंय, शके असावं असं आई म्हणते.

---

बोरूवाला

ते पान आधी पाठवा.